रुक्माक्कांची सदतीस मिनिटं

रुक्माक्का वक्त्याला वाक्य पुरं करू देत नसत. दहा मिनिटं झाली की टेबलावरचं, इडली वाफवताना लावायचं घड्याळ किणकिणे, त्या "आयतु" म्हणत, म्हणजे झालं, आणि एक बटण दाबत. त्याबरोबर शहराच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या वक्त्याचा कीबोर्ड मुका होई. एकदा एका मोठ्या कंपनीचे संचालक बोलत होते. त्यांची शेवटची ओळ माझ्या फायलीत आहे: "आणि म्हणून, मित्रांनो, मला वाटतं सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्ह". पुढे काही नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. सर्वांत महत्त्वाची गोष्ट राहूनच गेली, असं ते म्हणाले. अक्का म्हणाल्या, "ती आधी सांगायची की. शेवटाला का ठेवली?"

संचालक बोलत होते असं मी लिहिलं, पण आवाज कुणाचाच नसे. नव्वदीची पहिली वर्षं होती. बंगळूरात संगणकावर काम करणाऱ्या आम्ही काही जणांनी एक मंडळ काढलं होतं. इंटरनेट हा शब्द तेव्हा वर्तमानपत्रात वाचायला मिळे, घरात नाही. फोनची तार मोडेमला जोडायची, नंबर फिरवायचा, मोडेम थोडा वेळ किंचाळायचा, आणि मग एकाने टाइप केलेलं दुसऱ्याच्या पडद्यावर अक्षर अक्षर करून उमटायचं. अशा तऱ्हेने महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी अकराला मंडळाची बैठक भरे. दहा मिनिटांचं एक व्याख्यान, मग तीन प्रश्न. सगळं इंग्रजीत टाइप होई. मी इथे मराठीत देतो आहे.

यासाठी फोन हवेत, आणि नवा फोन मिळायला तेव्हा वर्षं लागत. अक्कांचे धाकटे भाऊ पांडुअण्णा यांचं चिकपेटेत साड्यांचं ठोक दुकान होतं. दुकानाला चार फोन. रविवारी दुकान बंद. अक्कांनी भावाला सांगितलं, "सहा दिवस तुझे व्यापारी बोलतात. सातव्या दिवशी आम्ही बोलतो." पांडुअण्णांनी माळ्यावरची खोली दिली. कोऱ्या साड्यांच्या खळीचा वास, भिंतीला टेकवलेले गठ्ठे आणि मध्ये एक संगणक, त्याला चारी तारा जोडलेल्या. एक तार वक्त्याची. उरलेल्या तीन श्रोत्यांच्या: एक होसकोट्याच्या एका कारखान्यात, एक आनेकलच्या बाजूच्या कंपनीत, एक कॉलेजच्या प्रयोगशाळेत. प्रत्येक ठिकाणी एका पडद्यासमोर आठ-दहा माणसं खुर्च्या ओढून बसत. मी दर वेळी संख्या विचारून लिहून ठेवत असे. सर्वांत मोठी बैठक चौतीस माणसांची झाली.

अक्का या सगळ्याच्या यजमान. खुर्चीवर मांडी घालून बसत. दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, केसात मोगरा, डाव्या हाताला स्टीलच्या पेल्यात कॉफी. घराणं तीनशे वर्षांपूर्वी या शहरात आलेलं. मी साताऱ्याहून नोकरीसाठी आलेला. पहिल्या भेटीत मी दोन वाक्यं बोललो, तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "तुझी मराठी बघ, घडी न मोडलेली. आमची तीनशे वर्षं नेसलेली आहे. स्वल्प विरली, पण अंगाला बसते." माझं नाव दिनकर. त्यांनी त्याच दिवशी त्याचं दिनकरप्पा केलं आणि शेवटपर्यंत तेच राहिलं.

त्यांचे नियम थोडे होते, पण कुणासाठी वाकत नसत. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. जे टाइप झालं ते राहिलं, खोडायचं नाही. प्रत्येक ओळीपुढे संगणक तास, मिनिट आणि सेकंद टाके, आणि ती सगळी नोंद महिन्याच्या अंकात जशीच्या तशी छापून सभासदांना पोस्टाने जाई, कारण एकशे ऐंशी सभासदांपैकी बहुतेकांकडे मोडेम नव्हता. छापणं, घड्या घालणं, पाठवणं हे माझं काम. एखाद्या वक्त्याला उत्तर येत नसेल तर त्याने "माहीत नाही" असे दोन शब्द टाइप करायचे. अक्का त्याला लगेच लिहीत, "धन्यवाद. आजच्या बैठकीतली ही सर्वांत उपयोगी ओळ." हे त्या मनापासून लिहीत. मी बाजूला बसलेला असे, त्यांचा चेहरा पाहत असे.

जो हे दोन शब्दही टाइप करणार नाही आणि उत्तरही देणार नाही, त्याचा प्रश्न अंकाच्या शेवटी "उरलेले प्रश्न" या मथळ्याखाली जाई, आणि उत्तर येईपर्यंत दर अंकात छापला जाई. सहसा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पोस्टकार्ड येई आणि ओळ निघे. एका प्राध्यापकांनी पाच महिने घेतले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी शेवटी त्यांना कार्ड आणून दिलं, असं नंतर कळलं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती मी शांत मनाने लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मंडळाच्या आधी अक्का आणि मी एकाच कारखान्यात होतो. त्या संगणक विभागात वरिष्ठ, मी त्यांच्या हाताखाली. कारखान्यात यंत्रांची दोन दालनं होती आणि कोणतं काम कोणत्या यंत्रावर केव्हा चढवायचं याचा रोज गोंधळ होई. अक्कांनी त्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. पहिल्या सहा महिन्यांत तो कागदावर बरोबर आणि प्रत्यक्षात चूक निघत होता. मग एक दिवस त्या मला घेऊन थेट दालनात गेल्या. दोन्ही दालनांना मिळून एकच क्रेन होती. काम उतरलं की क्रेनला हाक मारायची, ती पलीकडून यायची, साखळ्या बांधायच्या, उचलायचं, ठेवायचं. या वेळाचा हिशेब कुणी धरलाच नव्हता. अक्कांनी स्टॉपवॉच आणलं. पाच आठवडे आम्ही आळीपाळीने तिथे उभे राहिलो आणि क्रेनच्या दोनशे बारा फेऱ्या मोजल्या. सरासरी सदतीस मिनिटं निघाली. अक्कांनी प्रत्येक कामात सदतीस मिनिटं मिळवली, आणि माल ठरलेल्या दिवशी बाहेर पडू लागला.

आमचे एक साहेब होते. नाव देत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. ते त्या पाच आठवड्यांत दालनात एकदाही आले नाहीत. आले ते दिल्लीच्या परिषदेतून बक्षीस घेऊन. प्रोग्रॅम त्यांचा, पद्धत त्यांची, निबंधावर नाव त्यांचं एकट्याचं. शेवटच्या पानावर "विभागातील कर्मचाऱ्यांचे साहाय्य झाले" अशी एक ओळ. अक्का विचारायला गेल्या. साहेब म्हणाले, "बाई, कल्पना वरून येते, टायपिंग खाली होतं." महिन्याभरात अक्कांची बदली स्टोअरमध्ये झाली. पंधरा वर्षं संगणकावर काम केलेली बाई कामगारांचे हातमोजे मोजू लागली. वर्षभर त्यांनी ते मोजले, अचूक मोजले, आणि मग स्वेच्छानिवृत्ती घेतली. मी पुढे अठरा महिन्यांनी सोडलं. साहेब त्या निबंधाच्या जोरावर एका खाजगी कंपनीत फार वर गेले.

अक्का हे कधी काढत नसत. पण चिकपेटेच्या त्या खोलीत संगणकाच्या वर एक खिळा होता आणि त्याला ते स्टॉपवॉच टांगलेलं होतं. मी एकदा विचारलं, "अक्का, हे कशाला इथे?"

"साक्षीदार आहे," त्या म्हणाल्या.

"राग गेला नाही ना अजून?"

"जायला काय झालं? मी काय त्याला दार उघडून दिलंय?" कॉफीचा घोट घेऊन त्या पुढे म्हणाल्या, "दिनकरप्पा, मला त्या माणसाला एकदा उभा बघायचाय. गृहपाठ न करता वर्गात आलेल्या पोरासारखा. मारायचं नाही, ओरडायचं नाही. फक्त एक प्रश्न."

"आणि त्याने माहीत नाही म्हटलं तर?"

"तर मी धन्यवाद म्हणणार. नियम आहे." मग पेला खाली ठेवून, "पण तो म्हणणार नाही. मी ओळखते त्याला."

त्या साडेतीन वर्षं थांबल्या. मंडळाचं नाव होत गेलं आणि मोठी माणसं आपणहून व्याख्यानं मागू लागली. एकेचाळिसाव्या बैठकीचा वक्ता म्हणून सभासदांनी मतं देऊन साहेबांना निवडलं. अक्कांनी कुणाला एक शब्द सुचवला नव्हता. साहेबांनी विषय कळवला: कारखान्यातील कामांचं वेळापत्रक, माझी पद्धत. "माझी" हा शब्द त्यांनीच टाइप केला होता. बैठका चिकपेटेतून कोण चालवतं हे त्यांनी विचारलं असेल असं वाटत नाही. पत्रव्यवहार मंडळाच्या नावाने होत असे.

त्या रविवारी अक्कांनी नवी साडी नेसली होती. पांडुअण्णा वर येऊन म्हणाले, "काय गे अक्का, लग्न आहे?" त्या म्हणाल्या, "मुहूर्त आहे. खाली जा, कुणी फोन उचलू नका."

साहेब चांगलं टाइप करत होते, हे मान्य करतो. दहाव्या मिनिटाला त्यांनी स्वतःच वाक्य संपवलं. पहिले दोन प्रश्न होसकोट्याहून आणि कॉलेजमधून आले. त्यांची उत्तरं आली. तिसरा प्रश्न कुणी विचारला नाही तर यजमानाने विचारायचा, असा नियम होता. अक्का बरोबर एक मिनिट थांबल्या. कुणी विचारला नाही. मग त्यांनी टाइप केलं. नोंदीत वेळ आहे अकरा वाजून सोळा मिनिटं पाच सेकंद. "आपल्या पद्धतीत प्रत्येक कामात सदतीस मिनिटं मिळवली आहेत. हा आकडा कुठून आला? रुक्मिणी, संगणक विभाग." मंडळाचं नाव त्यांनी लिहिलं नाही. जुना विभाग लिहिला.

पडद्यावर काही आलं नाही. अक्का हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. पंख्याने एका गठ्ठ्याचा कागद फडफडत होता. एक मिनिट गेलं. दीड गेलं. अकरा सतरा पन्नासला संगणकाने आपणहून एक ओळ टाकली: "लाइन एक तुटली." अकरा एकोणीस तीसला दुसरी: "लाइन एक जोडली." अकरा वीस दहाला साहेबांनी लिहिलं, "क्षमस्व. मला निघावं लागत आहे." आणि ते गेले.

मी म्हणालो, "पळाला. तार काढली त्याने."

"काढली की तुटली, तुला दिसलं?"

"नाही, पण..."

"दिसलं नाही ना, मग म्हणू नको." पण त्यांचा चेहरा उजळलेला होता. त्यांनी स्टॉपवॉचकडे पाहिलं आणि इडलीचं घड्याळ पिशवीत घातलं. "अंक नीट छाप, दिनकरप्पा. हा मी ठेवून घेणार आहे."

नोंद मी राजाजीनगरला घरी नेली. मी आकड्यांचा माणूस आहे. दूधवाल्याच्या वहीपासून ऑफिसच्या ताळेबंदापर्यंत माझी बेरीज चुकल्याचं कुणी दाखवून दिलेलं नाही. त्या दिवशी दुपारी मी ती नोंद समोर ठेवली आणि त्या दोन ओळी मला खुपू लागल्या. लाइन तुटली, लाइन जोडली. वाचणारा म्हणेल, बिचाऱ्याची लाइन गेली. बंगळूरात कुणाची जात नव्हती? मी त्या दोन ओळी काढल्या. दोनच. आकडा एकही बदलला नाही. आता नोंद अशी दिसत होती: सोळा पाचला प्रश्न, वीस दहाला क्षमस्व, मध्ये चार मिनिटं पाच सेकंद कोरी. मी एकशे ऐंशीऐवजी दोनशे चाळीस प्रती काढल्या आणि जास्तीच्या साठ साहेबांच्या कंपनीतल्या खातेप्रमुखांना पाठवल्या. बायको पाकिटं चिकटवत होती. "एवढा खूश का आज?" तिने विचारलं. मी सांगितलं नाही.

बारा दिवस मी खूश होतो. मल्लेश्वरमच्या एका हॉटेलात शेजारच्या टेबलावर दोन अनोळखी माणसं कानडीत बोलत होती: "चार मिनिटं बुवा, मारायरे! चार मिनिटं नुसता बसून होता." मी डोसा संपवून आणखी एक कॉफी मागवली, फक्त ऐकत बसण्यासाठी.

तेराव्या दिवशी साहेबांचं पत्र आलं, सगळ्या सभासदांना. सोबत त्यांच्या मोडेमच्या स्वतःच्या नोंदीची प्रत होती. सतरा पन्नासला लाइन गेली, एकोणीस तीसला आली. मंडळाने नोंदीत फेरफार करून आपली बदनामी केली, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि ते खरं होतं. माझ्या बाबतीत त्या माणसाने आयुष्यात केलेलं पहिलं खरं विधान. पुढच्या आठवड्यात लोक त्यांची माफी मागू लागले. सदतीस मिनिटांचं कुणी नाव काढेना.

छापलेला अंक अक्कांनी पाहिलाच नव्हता. माझ्या छपाईवर त्या नजर टाकत नसत, गरज वाटत नसे. त्यांनी मला चिकपेटेला बोलावलं. टेबलावर दोन कागद होते, माझा आणि साहेबांचा, एकमेकांना लावून ठेवलेले.

"ओळी कोण काढल्या?"

"मी."

"किती?"

"दोन."

"किती सेकंद झाले ते?"

मी मनात वजाबाकी केली. "शंभर."

"शंभर." त्यांनी माझा कागद उचलला आणि परत ठेवला. "सतरा पन्नासपर्यंत लाइन चालू होती. एक मिनिट पंचेचाळीस सेकंद. ज्याने क्रेन बघितली त्याला एक शब्द लिहायला किती लागतात रे? दोन सेकंद. ते पुरे होतं. जो वाचेल त्याला पुरे होतं. तू वर शंभर सेकंद घातलेस, आणि माझी सहा वर्षं त्याला देऊन टाकलीस."

मी म्हणालो, "अक्का, मी राजीनामा देतो. माझ्या नावाने पत्र काढा."

"तुझ्या नावाने का? अंक माझा आहे." मग दोन्ही कागद बाजूला सारून, "आणि राजीनामा देऊन पुढचा अंक कोण छापणार? बस. टाइप कर."

त्यांनी दुरुस्ती सांगितली, मी टाइप केली. काढलेल्या दोन ओळी परत घातल्या. मागच्या अंकातली नोंद खोटी होती, जबाबदारी यजमान म्हणून माझी आहे, वक्त्याची मी माफी मागते. त्यात "पण" नव्हता, "तरी" नव्हता. मी एक शब्द घालायला निघालो तर त्यांनी माझ्या बोटावर पट्टी मारली, शाळेतल्यासारखी. ज्या माणसाने त्यांना हातमोजे मोजायला बसवलं, त्याची माफी त्यांनी दोनशे चाळीस लोकांसमोर मागितली. माझ्या जास्तीच्या साठ लोकांनाही दुरुस्ती पाठवली. हे मी केलेलं आहे. साहेबांवरचा राग मी अजून धरून आहे, त्याच्या शेजारी हेही धरून आहे.

माफी संपली. मी उठू लागलो. "स्वल्प थांब," अक्का म्हणाल्या. "उरलेले प्रश्न राहिले." आणि सांगितलं: "बैठक एकेचाळीस, प्रश्न तिसरा. सदतीस मिनिटं कुठून आली? उत्तर आलेलं नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या कॉफी पीत होत्या. "नियम आहे," म्हणाल्या. "लाइन तुटली हे खरं. लाइन आली हेही खरं. उत्तर आलं नाही हेही खरंच की."

ती ओळ पुढच्या अंकात गेली. त्याच्या पुढच्या अंकातही गेली. साहेबांना तक्रार करता येईना. त्याच यादीत प्राध्यापकही राहून गेले होते. इतरांचे प्रश्न येत आणि निघत. हा राहिला. वर्षभराने नवे सभासद विचारू लागले की हे सदतीस मिनिटांचं काय आहे. दोन वर्षांनी साहेब कुठल्याशा कॉलेजात भाषणाला गेले, तर मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "सर, ते सदतीस कुठून आलं?" आणि हशा पिकला. मला ते सांगणाऱ्याकडून मी दोनदा सांगून घेतलं. दर महिन्याला ती ओळ टाइप करताना मला जे वाटे त्याला आनंद हाच शब्द आहे. एकूण त्रेचाळीस अंकांत मी ती टाइप केली.

आनंद पुरा मात्र कधी झाला नाही. दुरुस्तीनंतर अक्कांनी माझा एकही अंक न तपासता पोस्टात जाऊ दिला नाही. संगणकावरची नोंद आणि माझा कागद शेजारी ठेवत, लाकडी पट्टी लावत, ओळ ओळ खाली सरकवत. वीस मिनिटं लागत. मी समोर बसून राहत असे. आधी कधी तपासत नसत, आता तपासत, एवढंच. दर महिन्याला वीस मिनिटं मला माझी शिक्षा वाचून दाखवली जाई.

शेवटच्या वर्षी त्यांचं दुखणं वाढलं. तोवर कंपन्यांत इंटरनेट आलं होतं, तारांवर दोन-दोनच माणसं दिसत, पण रविवार चुकला नाही. चौऱ्याऐंशीव्या बैठकीनंतर मी अंक घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्या अंथरुणावर होत्या. मी कागद, मूळ नोंद आणि पट्टी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी पट्टी हातात घेतली, थोडा वेळ धरली, आणि माझ्याकडे परत दिली.

"बिडु," म्हणाल्या. म्हणजे राहू दे. "तू बघितलंस ना?"

"बघितलं, अक्का."

"सरी, बरं तर. टाक पोस्टात."

मी बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि तिथे बसूनच सगळा अंक पट्टी लावून परत तपासला.

नऊ दिवसांनी त्या गेल्या. पुढच्या रविवारी बैठक नव्हती, पण पांडुअण्णांनी खोली उघडून ठेवली होती; मंडळाचे लोक येऊन जात होते. साडेअकराच्या सुमाराला जिन्यावर बूट वाजले आणि साहेब आत आले. केस पांढरे झाले होते. हातात फुलं होती. पांडुअण्णांना त्यांनी नमस्कार केला, माझ्याकडे वळले. आमचं बोलणं इंग्रजीत झालं.

"बाई फार जिद्दीच्या होत्या," ते म्हणाले.

"होत्या."

"ती ओळ आता काढून टाका. बाई गेल्या. आता कुणासाठी?"

"नियमाने दोनच मार्ग आहेत, सर. उत्तर द्या, नाहीतर दोन शब्द टाइप करा. लगेच निघेल. मीच काढीन."

"तो अनुभवाने ठरवलेला आकडा होता."

"कुणाच्या अनुभवाने?"

मी संगणक सुरू केला, अक्कांची खुर्ची त्यांच्यासाठी ओढली आणि कीबोर्ड त्यांच्याकडे वळवला. ते बसले. मी खिळ्यावरचं स्टॉपवॉच काढलं आणि त्यांच्यासमोरच दाबलं. ते काय आहे हे त्यांनी विचारलं नाही. दोनशे बारा फेऱ्यांत ते एकदा जरी दालनात आले असते तरी ओळखलं असतं.

त्यांनी दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले. एक बोट उचललं, परत ठेवलं. पांडुअण्णा दारात उभे होते. खालून रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ओढत नेली. मी मनात म्हणत होतो, लिही. आणि त्याच वेळी म्हणत होतो, लिहू नको. शेवटी त्यांनी हात मागे घेतले, फुलं टेबलावर ठेवली आणि जिना उतरून गेले.

मी स्टॉपवॉच थांबवलं, आकडा पाहिला आणि पुढच्या अंकाची शेवटची नोंद तिथेच टाइप केली:

"बैठक एकेचाळीस, प्रश्न तिसरा. वक्ते स्वतः आले. सहा मिनिटं दहा सेकंद बसले. उत्तर आलेलं नाही. लाइन शाबूत होती."

छापून झाल्यावर पट्टी लावून तीनदा वाचलं आणि अंक पोस्टात टाकला.